शहाणं बाळ की उपाशी बाळ?
नवजात बाळाचं दूध, झोप आणि घराचं वेळापत्रक



मागच्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या वस्तीत एका बाळंतिणीला भेटायला गेले होते. पहिलंच बाळ, मुलगी, पाच दिवसांची. दवाखान्यातून सुट्टी होऊन दोन दिवस झाले होते. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली दुपट्यात गुंडाळलेली लेक. मी तासभर बसले, चहा झाला, चार बायका येऊन गेल्या, पण पोरीने डोळा उघडला नाही. आजी कौतुकाने म्हणाली, "लई शहाणी हाय बघा ताई. रडतच न्हाई. रातच्याला सलग सहा-सात तास झोपती." मीही म्हणाले, "किती शांत आहे!"

इतकी वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढलेल्या बाईने असं म्हणायला नको होतं. उठता उठता सवयीने विचारलं, "आज लंगोट किती ओले झाले?" आजी म्हणाली, "एकच. अन् त्येच्यावर विटेच्या रंगावानी डाग व्हता." मी पुन्हा खाली बसले. दुपटं सोडून बघितलं तर छाती-पोट पिवळं पडलेलं, तोंड कोरडं. तळपायाला टिचकी मारली तरी रडण्यात जोर नाही. तशीच रिक्षा करून सरकारी दवाखान्यात नेलं. कावीळ वाढलेली, अंगातलं पाणी कमी झालेलं, वजन जन्मापेक्षा बरंच उतरलेलं. आठ दिवस नवजात कक्षात काढून पोर घरी आली. आज ती भिंतीला धरून चालते.

ती पोर शहाणी नव्हती, उपाशी होती. उपाशी बाळाला भूक लागल्याचं सांगायलाही पुढे जोर राहत नाही. त्या घरात माया कमी नव्हती. सुट्टीच्या कागदावर लसीची तारीख लिहिली होती, पण "लंगोट मोजा आणि बाळाला उठवून पाजा" एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या अंकात हा धडा.

प्रत्येक शिबिरात मला विचारतात, "ताई, बाळाला दूध-झोपेचं वेळापत्रक कसं लावायचं?" माझं उत्तर असं आहे: पहिले दोन महिने वेळापत्रक बाळाला लावायचं नसतं. बाळाच्या भुकेप्रमाणे घराला लावायचं असतं.

पोट केवढं, झोप केवढी

जन्मलेल्या बाळाचं पोट पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर दूध मावेल एवढंच असतं. आईलाही तेव्हा तेवढंच येतं, ते म्हणजे चीक. घट्ट, पिवळसर, थोडा. त्याला बाळाची पहिली लस समजा, पिळून फेकू नका. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरात छातीला लावा. सिझर झालं असलं तरी आई शुद्धीवर असेल तर नर्सच्या मदतीने लावता येतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं. जितक्या वेळा बाळ ओढेल तितकं जास्त येतं.

लहान पोट लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं. आईचं दूध पचायलाही हलकं. म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, त्यात रात्रही आली. रात्री पाजलं की दूध तयार करणारं आईच्या शरीरातलं रसायन जास्त पाझरतं. सुरुवातीला रात्रीचं पाजणं बंद केलं तर दिवसाचं दूधही आटू लागतं.

झोपेचं गणितही तसंच. नवजात बाळ दिवसभरात मिळून १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे त्याला कळत नाही. ते कळायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी बाळाने रात्रभर झोपावं ही अपेक्षा चूक आहे, आणि तसं झोपवण्यासाठी काही पाजणं धोक्याचं आहे.

भूक ओळखा, रडण्याची वाट बघू नका

बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालतं, चुळबुळ करतं. ही भूक. रडणं ही भुकेची शेवटची पायरी. रडून लाल झालेलं बाळ नीट तोंडात धरत नाही, दोन घोट घेऊन थकून झोपतं. आपण म्हणतो, "पोट भरलं."

पाजताना चार गोष्टी बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं. हनुवटी छातीला टेकलेली हवी. खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. नुसतं टोक नव्हे, तर भोवतीच्या काळ्या भागातला बराचसा भाग बाळाच्या तोंडात हवा. दुखत असेल, चिरा पडत असतील, तर बाळाने धरलंय चुकीचं. करंगळी हळूच तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा. बाळ संथपणे ओढतं आणि गिळल्याचा आवाज येतो, तेव्हा दूध मिळतंय समजा. एक बाजू पूर्ण पिऊ द्या, मग दुसरी. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं करू नका. मीही सुरुवातीच्या वर्षांत वॉर्डात दहा मिनिटांचंच सांगायचे. ते चूक होतं.

मात्र एका ठिकाणी घड्याळ हवंच. बाळाचं वजन जन्मल्यानंतर थोडं उतरतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माइतकं परत येतं. ते येईपर्यंत बाळाला तीन तासांच्या वर झोपू देऊ नका, रात्रीसुद्धा. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी झालेलं असेल, तर दर दोन तासांनी उठवा. उठवायचं कसं? कपडे सैल करा, लंगोट बदला, पाठ आणि तळपाय चोळा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, दुधाचा थेंब ओठावर लावा. तोंडावर पाणी मारू नका. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधून ठेवणं हे मोठं औषध आहे. बापानेही तसं धरता येतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, बाळगुटी नाही, साखरपाणी नाही, ग्राईप वॉटर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध किंवा थेंब तेवढे द्या. "उन्हाळ्यात पाण्याचा घोट तरी?" तोही नको. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. पत्रा तापला की बाळाला जास्त वेळा पाजा, आईने जास्त पाणी प्यावं, पत्र्यावर ओली पोती टाकावीत. वस्तीतल्या नळाचं पाणी आणि सहाणेवर उगाळलेली गुटी यांतून जुलाब होतात. जुलाब झालेलं महिन्याचं बाळ हातचं जायला वेळ लागत नाही.

दोन डब्या आणि चिंचोके

दूध पुरतंय का, हे छाती दाबून किंवा बाळ किती रडतं यावरून कळत नाही. ते लंगोटावरून कळतं.

घरात अक्षरओळख असो वा नसो, हे सगळ्यांना जमेल. दोन रिकाम्या डब्या घ्या आणि मूठभर चिंचोके. बाळ पाजलं की पहिल्या डबीत एक चिंचोका. लंगोट ओला झाला की दुसऱ्या डबीत एक. डब्या उंचावर ठेवा, मोठ्या पोरांच्या हाताला लागू देऊ नका. रोज संध्याकाळी वंदनेच्या वेळी आजीने मोजायचे आणि डब्या रिकाम्या करायच्या.

पहिल्या डबीत रोज ८ तरी हवेत. दुसऱ्या डबीत पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असे वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून ६ किंवा जास्त हवेत. लघवी फिकट हवी. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसला, तर बाळाला दूध पुरत नाही. त्याच दिवशी आशाताईला किंवा दवाखान्यात दाखवा. शी पहिले दोन-तीन दिवस काळी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दाखवा.

वजन हा दुसरा पुरावा. आशाताईने दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला घरी येऊन ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तपासायचं असतं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती आली नाही तर तिला बोलवा. हे तिचं कामच आहे आणि तुमचा हक्क आहे. काटा आणून वजन करायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा.

सटवाई हसवत नाही

झोपेत बाळ हसतं, तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, हातपाय झाडतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवते, सटवाई रडवते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही पाचवीची रात्र अजून गुपचूप जागवली जाते. खोलीत दहा माणसं, दिवा जळत राहतो, आणि ज्या रात्री बाळंतिणीला झोपेची सगळ्यात जास्त गरज असते त्या रात्री ती बसून राहते.

खरी गोष्ट अशी. नवजात बाळाची निम्मी झोप हालचालीची असते. डोळे मिटलेले असतात, पण चेहरा आणि हातपाय हलत असतात, श्वास कधी भरभर तर कधी हळू होतो. मेंदू वाढताना हे होतं. म्हणून बाळ जरासं कण्हलं की लगेच उचलू नका. क्षणभर थांबा, बघा. डोळे मिटलेले असतील तर पुन्हा झोपेल. तोंड उघडून शोधायला लागलं तर पाजा. एवढं ओळखता आलं तरी बाळाचीही झोप मोडत नाही आणि आईचीही.

बाळाच्या कपाळावर कोणी काही लिहून जात नाही. पाचव्या रात्री डबीतले चिंचोके मोजा. बाळाचं पुढचं त्यावर ठरतं.

दिवस वेगळा, रात्र वेगळी

बाळाला रात्र शिकवता येते, पण हळूहळू. सकाळी सात-आठला दार-खिडकी उघडा, उजेड आत येऊ द्या. दिवसा घरात नेहमीसारखा आवाज चालू द्या, बाळाशी बोला, गाणी म्हणा, पाजताना त्याच्याकडे बघा. झोपलंय म्हणून दिवसा अंधार करू नका. रात्री नऊनंतर टीव्ही बंद, ट्यूब बंद, झिरोचा बल्ब चालू. पाजताना बोलू-खेळवू नका. शी केली असेल किंवा लंगोट भिजला असेल तरच बदला आणि परत झोपवा.

दिवसातली एकच गोष्ट ठरल्या वेळी करा: मालिश, आंघोळ, दूध, झोप. ही आपली जुनी साखळी चांगली आहे. रोज साधारण त्याच वेळी, ऊन आल्यावर. हलक्या हाताने मालिश, कोमट पाण्याने आंघोळ, लगेच कोरडं पुसणं. नाक ओढू नका, नाका-कानात तेल घालू नका, नाळेला काही लावू नका, डोळ्यांत काजळ नको. जन्मल्यावर पहिले चोवीस तास आंघोळ नको. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पुसून घ्या. आंघोळीनंतरची धुरी आणि बंद खोलीतली शेगडी मात्र आजपासून बंद. कोळशाच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपलेली आई आणि बाळ दोघंही त्यात जाऊ शकतात.

एका खोलीत बाळ कुठे झोपवायचं?

पुस्तकात बाळासाठी वेगळा पलंग सांगतात. आपल्या खोलीत पाच-सहा माणसं एका ओळीत झोपतात. म्हणून आपल्याला जमेल ते सांगते.

बाळ नेहमी पाठीवर झोपवा, पोटावर किंवा कुशीवर नाही. अंथरूण जमिनीवर, सपाट, घट्ट. मऊ गादी, उशी, मोहरीची उशी नको. तोंडावर गोधडी किंवा पदर नको. बाळ आईच्या एका बाजूला, पलीकडे कुणी नाही. दोघांच्या मध्ये किंवा भावंडांच्या शेजारी नाही. हातपाय थोडे गार लागले तर घाबरू नका. पोटाला हात लावून बघा, पोट ऊबदार हवं. मोठ्यांपेक्षा एक कपडा जास्त पुरे. डासांसाठी कॉइलचा धूर नको, छोटी मच्छरदाणी लावा.

विडी-सिगारेट घरात नको. दारू प्यालेल्या माणसाने बाळाजवळ झोपायचं नाही, मग तो बाप असो की मामा. झोपेत अंगाखाली बाळ आलेलं त्याला कळत नाही. पाचवं शील पाळण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. बाळ कमी वजनाचं असेल किंवा आई गुंगीचं औषध घेत असेल, तर बाळ हाताच्या अंतरावर वेगळ्या अंथरुणावर.

साडीच्या झोळीत बाळ अर्धगोल होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. कमी वजनाच्या बाळाला झोळी नकोच. इतरांना थोडा वेळ शांत करायला वापरलीत तर नजर ठेवा, मान सरळ आणि तोंड उघडं ठेवा, आणि झोप लागली की सपाट अंथरुणावर ठेवा.

संध्याकाळचं रडणं आणि दुधाचा डबा

दुसऱ्या आठवड्यापासून बरीच बाळं संध्याकाळी खूप रडतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कमी होतं. याच वेळी बाळ अर्ध्या-अर्ध्या तासाने दूध मागतं. आईला वाटतं दूध कमी पडलं. शेजारीण म्हणते डबा आणा. बाळ बाटलीला लागतं, छाती कमी ओढतं, मग दूध खरंच कमी होतं. पैसे संपत आले की पावडर पातळ होते, बाटली नीट उकळली जात नाही, आणि बाळ वाळायला लागतं.

अशा वेळी आधी डब्यांतले चिंचोके बघा. लंगोट सहा किंवा जास्त, वजन वाढतंय, बाळ पिऊन शांत होतंय, तर दूध पुरतंय. पुन्हा पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, उघड्या छातीशी धरा, अंगणात फिरवा. बाळाला जोरात हलवू नका. राग अनावर झाला तर बाळ सपाट ठेवून बाहेर जा, दुसऱ्याला हाक मारा. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात बंद आहे. ती का बंद करावी लागली याचा विचार करा. आईच्या आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने डॉक्टरांनीच वरचं दूध सांगितलं तर मनात अपराध धरू नका. सांगितल्या मापाने, उकळलेल्या पाण्यात करा आणि वाटी-चमच्याने द्या. बाटली नको.

बाळ झोपावं म्हणून खोकल्याचं औषध, ब्रँडीचा थेंब, मेडिकलवाल्याने दिलेले "झोपेचे थेंब" कधीही देऊ नका. गुंगीत बाळ दूध मागत नाही आणि त्याचा श्वासही मंदावतो.

यामागे आपला इतिहास आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, हे त्या काळच्या पाहणीत नोंदलेलं आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. खाडा केला तर पगार बुडायचा, बाळ सांभाळायला कुणी नव्हतं. आईला विसावा नसला की बाळाला गुंगी दिली जाते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली होती. हा विषय त्यांना कागदावरून कळलेला नव्हता.

आता घराचं वेळापत्रक

बाळंतिणीची झोप तुकड्यातुकड्यांची असणारच. पण ते तुकडे तिला मिळायला हवेत. बाप दूध पाजू शकत नाही, बाकी सगळं करू शकतो. घरोघरी वेगळं होईल, नमुना असा:

पहाटे नळ येतो. पाणी पुरुषाने भरायचं. आईने पाजून पुन्हा झोपायचं.

सकाळी आजी कामावर जाण्याआधी नाश्ता आणि पाण्याचा तांब्या बाळंतिणीच्या हाताशी ठेवायचा.

दहा-अकराला मालिश, आंघोळ, दूध. बाळ झोपलं की आईनेही जेवून झोपायचं. धुणं-भांडी नाही, मोबाईल नाही.

बघायला येणाऱ्यांनी चार ते सहा या वेळेतच यायचं, हात धुऊन. सर्दी-खोकला असेल तर यायचंच नाही. पाहुण्यांचा चहा घरातल्या दुसऱ्याने करायचा.

संध्याकाळी सहा ते नऊ ही रडण्याची वेळ. बापाने घरी येऊन हातपाय धुऊन, कपडे बदलून बाळ खांद्यावर घ्यायचं. आईने तेवढ्यात आंघोळ करून गरम जेवायचं.

रात्री आईने पाजायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं दुसऱ्याने. मध्यरात्रीपर्यंत एकाची पाळी, पहाटे दुसऱ्याची. रात्री पडून पाजलं तर चालतं, पाजल्यावर बाळ पाठीवर ठेवा. बसून पाजताना डुलकी लागणं जास्त धोक्याचं.

बाळंतिणीला पोटभर खाऊ द्या. तिला पाणी कमी देण्याची, भात-भाजी तोडण्याची रीत सोडा. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, परवडेल तसं अंडं, मासे, मटण. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त ती उदास असेल, सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तिला नावं ठेवू नका. हा आजार आहे आणि तो बरा होतो. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

कामावर जाणाऱ्या आईसाठी

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. घरकाम आणि नाक्यावरचं काम करणाऱ्या आपल्या बहुतेक बायांना ती मिळत नाही. त्यांच्यासाठी पंतप्रधान मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६०००. अंगणवाडीताई किंवा आशाताईकडे अर्ज भरा.

कामावर जायचंच असेल तर निघताना आणि आल्याबरोबर पाजा, रात्री जास्त पाजा. मधल्या वेळेसाठी हाताने दूध काढून ठेवा. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला ठेवा, छातीकडे दाबून मग पुढे दाबा. उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात धरा. बाहेर सावलीत चार तास, फ्रीजमध्ये चोवीस तास टिकतं. गॅसवर तापवू नका, डबा कोमट पाण्यात ठेवा. आजीने वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावं, बाळाला थोडं उभं धरून.

हे दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना

• बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही
• अंग तापलेलं किंवा गार पडलेलं
• श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते
• झटके
• पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे
• नाळेतून पू, आजूबाजूला लाली
• पाचव्या दिवसानंतर सहापेक्षा कमी लंगोट ओले
• हिरवी उलटी, पोट फुगलेलं, शीमध्ये रक्त

१०८ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. नेताना बाळ आईच्या छातीशी उबेत ठेवा. शुद्धीवर असेल आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा. अंगारा, उतारा, दृष्ट काढण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

शेवटी एवढंच

करणीयमेत्त सुत्तात मैत्रीसाठी आईच्या मायेचीच उपमा दिली आहे. आई जीव पणाला लावून एकुलत्या लेकराला जपते, तसं सगळ्या जगाला जपा. आपण ते म्हणतो आणि आईने सगळं एकटीनेच करावं असं धरून चालतो. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सात दिवसांनी महामाया गेली. महाप्रजापती गौतमीने त्याला दूध पाजून वाढवलं. तथागताच्या बाळपणालाही दुसऱ्या हातांची गरज लागली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा दोन डब्या आणि चिंचोके घेऊन जा. तुमच्या गल्लीत कोण बाळंतीण आहे, ते महिला मंडळात विचारा. तिला भेटायला जाल तेव्हा "बाळ शहाणं आहे का?" असं विचारू नका. "आज लंगोट किती ओले झाले, आणि तुझी झोप झाली का?" हे दोन प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर सहापेक्षा कमी आलं तर तिच्यासोबत दवाखान्यात जा. दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर चहा मागू नका, बाळ मांडीवर घ्या आणि तिला झोपू द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.